उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न

गेल्या मे महिन्यात माझी भाची पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे पुण्यात राहायला आली होती. वय वर्षं बारा. तिला सोडायला आलेल्या ताईनं निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू जरा तिच्याशी बोल रे. दिवसभर रील्स बघत असते. काहीतरी चांगलं दाखव, त्यावर गप्पा मार. माझं तर काही ऐकतच नाही."

बाकीची कामं करतो तसंच मी हेही केलं. म्हणजे आधी गुगल केलं. मुलांबरोबर सिनेमा बघून त्यांच्याशी संवाद कसा साधावा, यावर ढिगानं लेख आहेत आणि सगळ्यांचा सल्ला साधारण सारखाच आहे. सोबत बसून बघा. मधेमधे थांबवून शिकवू नका. नंतर असे प्रश्न विचारा, ज्यांचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' असं देता येणार नाही. मग मुलांना बोलू द्या.

मला हे पटलं. मी सिनेमा निवडला, नागराज मंजुळेंचा 'फँड्री'. फोनमधल्या नोट्समध्ये सात प्रश्न लिहून काढले. जब्याला काळी चिमणी कशासाठी हवी असते? राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा तुला काय वाटलं? शेवटी तो दगड का मारतो? असे. आणि प्रत्येक प्रश्नाखाली एका ओळीत, भाचीनं काय म्हणायला हवं, तेही लिहून ठेवलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे टेस्ट केस लिहितात. कुठलं इनपुट द्यायचं आणि कुठलं आउटपुट अपेक्षित आहे, हे आधीच ठरलेलं असतं. जे येतं ते अपेक्षेशी जुळलं तर पास, नाही जुळलं तर फेल. बारा वर्षांच्या मुलीसाठी मी सात टेस्ट केसेस लिहून ठेवल्या होत्या आणि त्याला 'संवाद' म्हणत होतो. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

*

'फँड्री' महाराष्ट्रात लागला तो २०१४ सालच्या व्हॅलेंटाइन डेला. मी तेव्हा अकरावीत होतो. लव्हस्टोरी असणार, म्हणून आम्ही पाच-सहा मित्र क्लास बुडवून गेलो होतो. लव्हस्टोरी आहेही तशी. जब्या नावाचा शाळकरी मुलगा वर्गातल्या शालूच्या प्रेमात पडलेला असतो. काळी चिमणी जाळून तिची राख शालूच्या अंगावर टाकली की ती आपल्या प्रेमात पडेल, असं त्याला वाटत असतं. पण जब्या कैकाडी समाजातला. गावात डुकरांचा उच्छाद झाला की ती पकडायचं काम त्याच्या घरावर येतं. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतला शब्द, त्याचा अर्थ डुक्कर.

सिनेमाच्या शेवटाकडे सगळं कुटुंब एका डुकराच्या मागे धावत असतं आणि अख्खं गाव गंमत बघत उभं असतं. डुक्कर अगदी हातात येणार, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे आहेत तिथेच ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र आरामात निघून जातं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेत असताना मागे शाळेची भिंत दिसते. तिच्यावर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई यांची चित्रं रंगवलेली असतात. आणि अगदी शेवटी चिडवणाऱ्या पोरांवर जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेनं येतो. पडदा काळा होतो.

शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तो टीव्हीवर लावला. मी आणि भाची खाली सतरंजीवर, आई दिवाणावर लसूण सोलत, बाबा आत-बाहेर. भाचीनं फोन उपडा ठेवला, हाच मला माझा विजय वाटला. राष्ट्रगीताच्या प्रसंगाला ती खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. मी मनातल्या मनात नोंद केली, दुसरा प्रश्न इथे विचारायचा.

सिनेमा संपला. "कसा वाटला?"

"छान होता."

"जब्याला काळी चिमणी कशासाठी हवी असते?"

"त्या मुलीवर राख टाकायला."

अगदी बरोबर उत्तर. पण माझ्या नोट्समध्ये लिहिलं होतं, 'आपली ओळख पुसली जावी ही इच्छा'. मी म्हटलं, "हो, पण त्याच्या पलीकडे काही?" तिनं खांदे उडवले. फेल.

मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, शेवटचा दगड त्यानं आपल्याला मारला का?"

मला केवढा आनंद झाला! हा तर माझा सातवा प्रश्न. मी सरसावून बसलो. "एकदम बरोबर. म्हणजे प्रेक्षकांना. दिग्दर्शकाला म्हणायचंय की या सगळ्याला समाज जबाबदार आहे."

"समाज म्हणजे कोण?"

"आपण सगळेच."

"पण आपण कुठे असं करतो? आणि ते तर बंद झालंय ना? नागरिकशास्त्रात आहे आम्हाला. कलम १७."

"कायद्यानं बंद झालंय गं, पण गावाकडे अजूनही..."

'गावाकडे' हा शब्द उच्चारताना मला किती हलकं वाटलं, ते आजही आठवतंय. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटपासून गाव खूप लांब होतं.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मावशींचा कप वेगळा का असतो?"

*

त्या कपाविषयी सांगायला हवं. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी अकरा वर्षांपासून येतात. दहाच्या सुमारास त्यांना चहा असतो. त्यांचा कप निळ्या फुलांचा, कान तुटलेला. आमचे कप ओट्याच्या वरच्या रॅकमध्ये आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर, ग्रिलला टेकून, उपडा. आमचे सगळे कप मावशी घासतात. मग स्वतःचा घासतात आणि पुन्हा खिडकीत ठेवतात. ज्या हातांनी आमचे कप स्वच्छ होतात, त्याच हातांसाठी तो वेगळा कप आहे.

मी तो कप अकरा वर्षं रोज बघितला होता. तो मला माहीत होता. का आहे, हेही माहीत होतं. तरी भाचीच्या प्रश्नाला मी सेकंदाच्या आत उत्तर दिलं, "अगं, तो त्यांचाच आहे. त्यांना तोच आवडतो."

आई लसणीवरून नजर न उचलता म्हणाली, "असं काही नसतं गं. स्वच्छतेसाठी असतं ते."

बाबांनी रिमोट उचलून बातम्या लावल्या.

भाची म्हणाली, "बरं." आणि उपडा ठेवलेला फोन उचलला.

ते 'बरं' मला ओळखीचं होतं. मोठी माणसं खोटं बोलतायत आणि आता पुढे विचारण्यात अर्थ नाही, हे कळलेल्या मुलाचं ते 'बरं' असतं. लहानपणी मीही ते पुष्कळदा म्हटलेलं आहे. सिनेमा निवडला, सोबत बसलो, मधे थांबवलं नाही, प्रश्न विचारले, सगळं सल्ल्याप्रमाणे केलं. आणि ज्या क्षणी खरा संवाद सुरू झाला, त्याच क्षणी आम्ही तिघांनी मिळून तो बंद पाडला.

*

त्या रात्री झोप लागेना. मी खोटं का बोललो, यापेक्षा इतक्या चटकन कसा बोललो, याचंच जास्त आश्चर्य वाटत होतं.

मग मला प्लेटोच्या 'मेनो' या संवादाची आठवण झाली. इंजिनिअरिंगला असताना तत्त्वज्ञानावरची व्याख्यानं ऐकायचा नाद लागला होता, त्यात हे ऐकलं होतं. प्रश्न विचारून शिकवण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणून त्यातला एक प्रसंग सांगतात. सॉक्रेटिस मेनोकडच्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढतो. बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार. याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यावी लागेल? मुलगा म्हणतो, दुप्पट, चार फूट. तसं केलं तर क्षेत्रफळ सोळा होतं. मग तो म्हणतो, तीन. तर नऊ होतं. मुलगा अडतो. सॉक्रेटिस आणखी प्रश्न विचारत विचारत त्याला कर्णापर्यंत आणतो. कर्णावर काढलेला चौरस बरोबर आठाचा. मी तुला काही शिकवलं नाही, ते तुझ्यातच होतं, असा सॉक्रेटिसचा दावा.

भूमितीपुरता हा प्रसंग मला आजही फार आवडतो. पण नीट पाहिलं तर त्यात दोन गोष्टी खटकतात. पहिली, सॉक्रेटिसला उत्तर आधीपासून माहीत आहे आणि तो मुलगा बराच वेळ नुसतं 'हो, हो' म्हणतोय. दुसरी जास्त टोचते. सद्गुण शिकवता येतो का, या प्रश्नावरच्या चर्चेत हा मुलगा आणला जातो. तो मेनोच्या मालकीचा आहे, मेनो तिथेच उभा आहे, आणि त्याच्या गुलाम असण्याविषयी कुणी एक शब्दही काढत नाही. चौरसाच्या बाजूविषयी त्याला सगळं विचारतात. त्याच्याविषयी काही विचारत नाहीत.

भूमितीत उत्तर माहीत असताना प्रश्न विचारायला हरकत नाही. शिक्षक रोज तेच करतात. पण 'दगड कुणाला मारला' हा भूमितीचा प्रश्न नाही. त्याचं उत्तर मला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो. 'समाजाला' असं उत्तर मी लिहूनही ठेवलं होतं. भाचीनं तो प्रश्न खरोखर विचारला, म्हणजे उत्तर माहीत नसताना विचारला. त्यामुळे ती दोन वाक्यांत आमच्या खिडकीपर्यंत पोचली. मी अकरा वर्षांत पोचलो नव्हतो.

मुलांशी चांगल्या विषयांवर बोलावं, असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला मुलांनी बदलायला हवं असतं. आपण बदलायची शक्यता त्या बेतात धरलेलीच नसते. आणि मुलांना हे लगेच कळतं. सिनेमा संपल्यावर 'काय शिकलास?' असं विचारलं, की मूल परीक्षेला बसल्यासारखं सावध होतं आणि मार्क मिळतील एवढंच बोलतं.

*

याच्या अगदी उलट एक उदाहरण आहे आणि तेही टीव्हीवरचं. अमेरिकेत १९६९ पासून 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा कार्यक्रम चालतो. आपल्याकडे त्यावरून 'गली गली सिम सिम' आला होता. त्यात मिस्टर हूपर नावाचा दुकानदार होता. ती भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. आता मुलांना काय सांगायचं? हूपर दुसऱ्या गावी राहायला गेले, असं सांगता आलं असतं. त्यांच्या जागी दुसरा नट आणता आला असता. कार्यक्रम करणाऱ्यांनी ठरवलं, खरं सांगायचं.

तो भाग २४ नोव्हेंबर १९८३ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी दाखवला. सुट्टीमुळे आईवडील घरी असतील आणि मुलांना काही विचारावंसं वाटलं तर जवळ कुणीतरी असेल, हा त्यामागचा विचार. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी मनानं लहान मुलासारखा. त्यानं सगळ्यांची चित्रं काढलेली असतात आणि तो ती वाटत असतो. हूपरचं चित्र हातात धरून तो म्हणतो, ते आले की देईन. मोठ्यांना त्याला सांगावं लागतं की मेलेली माणसं परत येत नाहीत. तो चिडतो, गोंधळतो. शेवटी विचारतो, हे असंच का व्हायला हवं? आणि मोठ्यांकडे उत्तर नसतं. असंच आहे म्हणून असंच, एवढंच त्यांना म्हणता येतं.

मी तो प्रसंग यूट्यूबवर बघितला. त्यातल्या मोठ्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. त्या नटांचा बरोबर काम करणारा माणूस खरोखरच गेलेला होता, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. कित्येक तज्ज्ञांना विचारून, लिहून, तपासून तयार केलेला तो प्रसंग होता. म्हणजे पूर्वतयारी माझ्यापेक्षा किती तरी जास्त होती. तरी तो खोटा वाटत नाही, कारण प्रश्न मुलाचा आहे, आणि मोठी माणसं त्या प्रश्नाच्या बाहेर उभी नाहीत. त्यांनाही तो तेवढाच लागलेला आहे.

त्यावरून वाटलं, तयारी करण्यात चूक नाही. स्वतःला वगळून तयारी करण्यात चूक आहे.

*

दुसऱ्या दिवशी मी भाचीला स्कूटरवरून उसाचा रस प्यायला घेऊन गेलो. स्कूटरवर एक सोय असते. दोघांचं तोंड एकाच दिशेला असतं. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते तिथे बोलता येतं. सिनेमाचंही खरं तर तेच काम असावं. दोघांनी एकीकडे बघायचं, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत बघायचा संकोच उरत नाही.

सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, "काल मी तुला खोटं सांगितलं. तो कप मावशींना आवडतो म्हणून वेगळा नाहीये."

"माहितीये मला," मागून आवाज आला.

"मग काल का नाही म्हणालीस?"

"आजी होती ना तिथे."

मी गप्प झालो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आपण ब्राह्मण ना?" मी हो म्हणालो. माझ्या लक्षात आलं, हा शब्द तिच्यासमोर मी पहिल्यांदाच उच्चारत होतो. 'आमच्या घरात जात हा विषयच नसतो' हे वाक्य मी कॉलेजात, ऑफिसात किती तरी वेळा अभिमानानं बोललो आहे. विषय नव्हता हे खरं. कप होता.

"मग आजी वाईट आहे का?"

याची मला सगळ्यात जास्त भीती होती. माझ्या सात प्रश्नांत हा कुठेच नव्हता. ज्या आजीच्या कुशीत ती झोपते, तिच्याविषयी बारा वर्षांच्या मुलीच्या मनात असं काही घालण्याचा मला काय अधिकार? त्यापेक्षा मूल मोठं झाल्यावर आपोआप समजेल, असं म्हणून सोडून देणं जास्त माणुसकीचं नाही का?

यावर मी नंतरही पुष्कळ विचार केला. एक मुद्दा मला आता स्पष्ट दिसतो. ते तिच्या मनात मी घातलं नव्हतं. कप तिनंच पाहिला होता, आम्ही न सांगता, कदाचित सात-आठ वर्षांची असल्यापासून. आपण बोललो नाही म्हणजे मूल कोरं राहतं, असं होत नाही. गप्प राहूनही आपण शिकवतच असतो, की हे बघायचं पण यावर बोलायचं नाही. मीही हेच शिकलो होतो, आणि फार चांगलं शिकलो होतो. आदल्या रात्री एका सेकंदात उत्तर आलं, ते त्यामुळेच.

तिला मात्र मी एवढंच म्हणालो, "आजी वाईट नाही. पण हे वाईट आहे. आणि मीही ते बघून गप्प बसलो, म्हणजे मीही त्यात आहे."

"म्हणजे दगड आपल्यालाच मारला," ती म्हणाली. मग रसात बर्फ नको म्हणाली, आणि आम्ही दुसऱ्या विषयावर बोलायला लागलो.

*

इथे थांबलो तर लेख छान संपेल, पण तेवढंच झालं नाही.

भाचीनं तो प्रश्न विचारला तेव्हा मला लाज वाटली, हे मी सांगितलं. त्याचबरोबर आत कुठेतरी बरंही वाटलं होतं, हे सांगितलं नाही. जे मी आईला कधी विचारू शकलो नाही, ते परस्पर विचारलं गेलं. मी 'फँड्री'च का निवडला? मुलांसाठी दुसरे किती तरी चांगले सिनेमे आहेत. स्वतःशी प्रामाणिक राहायचं तर मला शंका आहे की मला हे व्हायलाच हवं होतं, फक्त ते माझ्या तोंडून नको होतं. मुलांच्या तोंडून मोठ्यांचे हिशेब चुकते करणं हा त्यांचा वापरच आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आईशी बोलायचं काम माझं होतं.

म्हणून त्या रात्री मी बोललो. ते काही शांतपणे झालं नाही. आई म्हणाली, "त्यांच्या मुलीच्या कॉलेजची फी कोणी भरली? तू भरलीस?" ते खरं होतं, दोन वर्षं आईनंच भरली होती. मावशींच्या आजारपणात ती दवाखान्यातही जाऊन बसली होती. फी भरणारी आणि कप वेगळा ठेवणारी बाई एकच आहे, हे माझ्या डोक्यात नीट बसत नव्हतं. तिच्या डोक्यात मात्र त्यात काही विसंगती नव्हती.

मग मला 'श्यामची आई' आठवलं. मी तिसरीत असताना आई ते मला रोज रात्री वाचून दाखवायची आणि वाचता वाचता स्वतः रडायची. त्यात एका म्हाताऱ्या महारणीची मोळी खाली पडते आणि तिला ती उचलून द्यायला कुणी पुढे येत नाही, असा प्रसंग आहे. श्यामची आई श्यामला पाठवते. मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर, असं सांगते. लहानपणी मला फक्त मोळी आठवत होती. आंघोळ आता परत वाचताना दिसली.

मी आईला ते दाखवलं. ती चष्मा लावून वाचत राहिली. म्हणाली, "त्या काळी एवढं तरी कोण करत होतं?" आणि ते खरंच आहे. मी म्हटलं, "हो. पण तोच श्याम मोठा झाल्यावर १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसला, विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून. त्याची आई आंघोळीपर्यंत आली होती. तो पुढे गेला." आई काही बोलली नाही. पुस्तक मात्र तिनं कपाटात न ठेवता उशाशी ठेवलं.

आमच्या आयांनी आम्हाला पुस्तकं वाचून दाखवली, ती संवादासाठी नव्हे, संस्कारांसाठी. पण पुस्तकं वाचून दाखवणाऱ्याचं ऐकत नाहीत. वीस वर्षांनी ती उलटून वाचून दाखवणाऱ्यालाच प्रश्न विचारतात.

*

सोमवारी माझं घरून काम होतं. दहा वाजता चहा मी केला आणि मावशींना रॅकमधल्या कपात दिला. भाची दाराशी उभी राहून बघत होती. माझ्या मनात याचं एक चित्र तयार होतं, ते काय होतं हे सांगायचीही आता लाज वाटते.

मावशींनी आधी खिडकीकडे पाहिलं. "माझा कप फुटला का?"

"नाही, आहे की."

"मग ह्याच्यात का?"

"सगळ्यांना सारखेच कप," मी म्हणालो.

त्या जरा थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दादा, मी कुणाला काही बोलले का? कुणी काही सांगितलं का माझ्याबद्दल?"

त्यांना वाटलं होतं की तक्रार झाली आहे. अकरा वर्षांच्या कामात अचानक काही बदललं, तर ते आपल्या बाजूनं बदलेल असं समजायला त्यांना काही कारणच नव्हतं. मी कसाबसा म्हणालो, "नाही मावशी, तुम्ही काही बोलला नाहीत. चूक आमची होती."

"बरं," त्या म्हणाल्या.

तेच 'बरं'.

दोन दिवस आमच्या घरात त्या कपावर केवढी चर्चा झाली. भाची बोलली, मी बोललो, आई बोलली, प्लेटो आणि साने गुरुजी येऊन गेले. ज्यांचा कप होता त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मेनोच्या त्या मुलावर मी रात्री एवढा विचार केला होता आणि सकाळी तेच केलं. त्यांचा चहा हा माझ्या भाचीच्या शिक्षणाचा तास झाला होता. त्या गेल्यावर भाची म्हणाली, "मामा, आपण त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं." यावर मला काही जोडायचं नव्हतं.

*

भाचीसाठी मी मग 'भीमायन' घेतलं. बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं हे चित्रमय पुस्तक २०११ साली आलं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, परधान गोंड शैलीतली. त्याची सुरुवात पाण्यापासून होते, शाळेत तहानलेल्या आणि नळाला हात लावू न दिलेल्या लहान भीमापासून. त्यात बोलण्याच्या फुग्यांची एक गंमत आहे. साधं, मायेचं बोलणं असेल तर फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विषारी बोलणं असेल तर फुग्याला विंचवाची नांगी. भाचीला हे फार आवडलं. मी मात्र 'त्यांना तोच आवडतो' हे माझं वाक्य कुठल्या फुग्यात बसेल, याचा विचार करत होतो. आवाज तर अगदी पक्ष्यासारखा होता.

या वेळी मी प्रश्न लिहिले नाहीत. पुस्तक वाचून झाल्यावर मला जे टोचलं, ते आधी मी सांगितलं. मग ती बोलली. कधी नाहीही बोलली. काही पानांवर आम्ही फक्त मासे आणि मोर मोजले.

आता ती तिच्या घरी आहे आणि रील्स बघते. ताईला वाटतं माझा प्रयोग फसला. आमच्या घरी निळ्या फुलांचा कप खिडकीत नसतो, पण मावशींना चहा देताना आई रॅकमधला एक ठरावीकच कप उचलते, हे मी पाहिलं आहे. परवा ते तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं लक्ष असतं का तुझं?" मी म्हणालो, "आत्ता आत्ता लागलंय."

गेल्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला, दिवाळीत येणार आहे म्हणून. खाली लिहिलं होतं, 'मामा, या वेळी सिनेमा मी निवडणार.'

मी हो म्हटलंय. थोडी धाकधूक आहे.